माया कुठं ठेवायची

आई गेल्यापासून दुकानाची डावी बाजू झाकलेली होती. तिच्या मशीनवर तिनंच शिवलेली खोळ होती, आणि दुपारी काचेतून ऊन आत आलं की धाग्यांचे बारीक तुकडे हवेत तरंगत तरंगत त्या खोळीवर येऊन बसायचे. ते कुठून येतात हे मास्तरांना कळत नव्हतं. त्या बाजूला आता कोणी काही कापत नव्हतं.

उजवी बाजू चालू होती. उजवीकडे मास्तर, पुरुषांचे कपडे. डावीकडे ती, बायकांचे. मधे पडदा नव्हता, फक्त कापायचं टेबल. पण मास्तरांनी कधी बाईमाणसाला टेप लावली नाही आणि तिनं पुरुषाला लावली नाही. मास्तर माप घेताना आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि ती मशीन न थांबवता तोच आकडा परत म्हणायची. "छाती अडतीस." "अडतीस." "कंबर चौतीस." "चौतीस." दोघांपैकी एकाच्या तरी डोक्यात राहील म्हणून लागलेली सवय. गिऱ्हाइकांना त्याची गंमत वाटायची. आता मास्तर आकडे मनातल्या मनात म्हणायचे, आणि कधी कधी टेप हातात धरून उगाच थांबायचे.

"समोरून उघडणारे शर्ट लागतील," ताई सांगत होती. मास्तरांची ही थोरली लेक औषधाच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे धाकट्याच्या छातीच्या ऑपरेशनची सगळी तयारी तिनं आपल्या अंगावर घेतली होती. "डोक्यावरून घालायचं काही चालणार नाही. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, वजन उचलायचं नाही, उताणं झोपायचं, पाठीला उशा लावून."

"किती दिवस?"

"डॉक्टर म्हणतील तोवर. आणि छातीच्या दोन्ही बाजूंना नळ्या असतील. नळीच्या टोकाला रबरी फुगा. आत साठलेलं पाणी त्यात उतरतं. ते फुगे कुठंतरी अडकवावे लागतात, नाहीतर लोंबत राहतात."

"आतून खिसे करतो," मास्तर म्हणाले. ते खडूला धार काढत होते. धार आली होती, तरी काढत होते.

बटण टेबलाच्या टोकाला उभा होता. त्याचं खरं नाव आता कोणी घेत नव्हतं आणि नवं नाव अजून कोणाच्या जिभेवर बसलं नव्हतं, पण बटण हे नाव दोन्हीच्या आधीचं. रांगत होता तेव्हा त्यानं कापायच्या टेबलाखाली सापडलेलं शर्टाचं बटण गिळलं, आणि ते परत यायची अख्खं घर वाट बघत बसलं. बटण आलं, नाव राहिलं. आपण मुलगी नाही, मुलगा आहोत, हे त्यानं घरात सांगितलं तेव्हा या नावानं सगळ्यांची सोय केली. बटण उठलं, बटण जेवलं, बटण बाहेर गेलं. आत्या तर असं काही बोलायची की 'तो' म्हणायची वेळ यायला नको आणि 'ती' म्हणायचीही.

आईनं सोय बघितली नव्हती. ती अंथरुणाला खिळायच्या थोडं आधी, एका संध्याकाळी तो दारातून आत येत "आलो" म्हणाला. पहिल्यांदाच. ताईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. आई भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "आलास? हात धू."

तेवढंच. त्यानंतर तिच्यापुरता तो विषय मिटला.

मास्तरांना तेवढं जमलं नाही. ते क्रियापदच चुकवायचे. "जेवण झालं?" "चहा ठेवलाय." "दार ओढून घ्यायचं." कधी आवाज चढवला नाही, कधी टाकून बोलले नाहीत. घरात एखादा सभ्य भाडेकरू असावा तसं चाललं होतं.

"बाबा," बटण म्हणाला, "माझं माप घ्या."

खडू थांबला.

"कशाला? डोळ्यांसमोर वाढलेलं पोर. अंदाजानं कापतो."

"गिऱ्हाइकाला अंदाजानं कापता?"

"तू काय गिऱ्हाईक आहेस?"

"नाही. म्हणून तर म्हणतोय."

"ढगळच शिवायचंय ना?" मास्तर ताईकडे बघत म्हणाले. "आत घट्ट पट्टा बांधलेला असणार. ढगळ कपड्याला माप लागत नाही."

बटणानं मान हलवली. टेबलावरची टेप त्यानं उचलली, नीट गुंडाळली, मास्तरांच्या हाताजवळ ठेवली आणि जिना चढून वर निघून गेला.

"शर्ट तर विकतही मिळतात, बाबा," ताई म्हणाली. "त्याला शर्ट हवा होता असं वाटलं का तुम्हाला?"

लहानपणापासून त्याचं माप त्याच्या आईनंच घेतलं होतं, टेबलाच्या पलीकडे, डावीकडे. टेबल ओलांडून तो इकडे येऊन उभा राहिला, हे मास्तरांच्या लक्षात आलं होतं. ते न यायला ते आंधळे नव्हते.

*

आत्या दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी घेऊन राहायला आली. मास्तरांची थोरली बहीण. भावाला तीही सगळ्या गावासारखी मास्तरच म्हणायची, फक्त थोडं चिडवून.

"काय मास्तर, जेवलास की कापडच खातोयस?"

"जेवलो, अक्का. बस."

ती डावीकडच्या स्टुलावर बसली, मग काहीतरी आठवल्यासारखी उठली आणि उजवीकडच्या बाकावर येऊन बसली. मास्तरांनी मऊ, धुऊन आटवलेलं सुती कापड पसरलं होतं. फिकट निळं, पहाटेच्या आभाळासारखं.

"मी अडवायला आलेले नाही," आत्या म्हणाली. "अडवून ऐकणारी औलाद नाही ही. आईवर गेलंय. माझं म्हणणं एवढंच आहे, की थोडी माया राहू दे."

"कुठं?"

"छातीत. शर्टाच्या."

मास्तरांनी खडू खाली ठेवला.

"अरे, उद्या मन फिरलं तर? माणसाचं मन आहे. कापड एकदा कापलं की परत अंगाला येत नाही, तूच म्हणतोस."

"अक्का, कापणार आहेत ते डॉक्टर. माझ्या शर्टात माया ठेवून काय होणार आहे?"

"काही होणार नाही. ठेव तरी."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून सोडतात, पुढेमागे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. त्या कापडाला शिंपी माया म्हणतात. डावीकडे माया लागायचीच. ब्लाउजला बगलेखाली दोन्ही अंगांना, भरपूर. बायकांची अंगं बदलतात, आई म्हणायची, बाळंतपणं येतात, दुखणी येतात, कपड्यानं मधेच साथ सोडू नये. मास्तरांच्या शर्टाला बगलेत माया नसायची. शर्टाची शिवण दुमडून वरून टीप मारली की ती बंद, आत सुटं काही राहत नाही. शर्ट तंग झाला तर माणूस दुसरा शिवतो.

आत्या बाकावरच डुलक्या घेऊ लागली. ऊन टेबलावर सरकत आलं. मास्तरांनी खडूनं पाठ आखली, पुढचे दोन भाग आखले, कातरी चालवली. कातरीचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटत होता. मग मशीनवर बसले. कापड सुईखालून पाण्यासारखं जात राहिलं. एका क्षणी त्यांना वाटलं की डावीकडचंही मशीन चालू आहे, दोन्ही मशीनं एका लयीत, जशी चालायची. त्यांनी मान वळवली नाही. मान वळवली तर ते थांबेल असं वाटलं.

शर्ट झाले तेव्हा आतल्या बाजूला दोन खोल खिसे होते, फुग्यांसाठी, कडा मऊ केलेले. आणि बगलेखाली, दोन्ही अंगांना, माया होती. ती अक्काचं ऐकून ठेवली की हातानं आपोआप ठेवली, हे मास्तरांना सांगता आलं नसतं.

*

दवाखान्याच्या त्या खोलीत सगळं पांढरं होतं आणि खिडकीबाहेर एक कबूतर बसलेलं होतं. बटणानं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे त्याला हलकं हलकं वाटत होतं, जमिनीपासून बोटभर वर असल्यासारखं. दिलेल्या साबणानं आंघोळ झाली होती. पाठीमागं नाड्या असलेला डगला घातला होता. त्याची शिलाई त्यानं सवयीनं बघितली. वाईट होती.

डॉक्टरबाईंनी निळं पेन काढलं. "ताठ उभे राहा. श्वास रोखून धरू नका."

बटण हसला.

"गुदगुल्या होतात?"

"नाही. माझे बाबा हेच म्हणतात. शब्दन् शब्द."

"डॉक्टर आहेत?"

"शिंपी."

"अरे, मग या रेषा त्यांच्याकडून तपासून घ्यायला हव्या होत्या," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुन्हा गंभीर होऊन आखू लागल्या. मधोमध एक उभी रेघ, दोन्हीकडे खाली वळणाऱ्या दोन. पेन थंड होतं. बटण समोरच्या भिंतीकडे बघत होता आणि त्याच्या मनात येत होतं, की ताठ उभं राहा असं ज्यांच्याकडून ऐकायचं होतं ते बाहेर बाकावर बसलेत, आणि त्यांनी शर्ट आणलेत, अंदाजानं.

मग दिवे, एक गोल मोठा दिवा, आणि हिरव्या टोपीतला माणूस.

"दहापासून उलटे आकडे म्हणा बरं."

"दहा," बटण म्हणाला.

"दहा," डावीकडून कोणीतरी म्हटलं, मशीन न थांबवता.

"नऊ."

"नऊ."

"आठ," तो म्हणाला, की म्हणायचं राहिलं. आवाज आला तो फक्त तिचा. कापड सुईखालून जात होतं, फिकट निळं, आणि संपत नव्हतं.

*

बाहेरच्या बाकावर आत्याशेजारी एक बाई विणत बसली होती. आत्याला विणणाऱ्या बायका आवडत नसत. त्यांचे हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. मास्तर पलीकडे खिडकीशी उभे होते. ताई औषधांच्या खिडकीवर गेली होती.

"कोण आहे आत?" बाईनं विचारलं.

"आमचं बटण."

"अं?"

"घरातलं नाव."

"मुलगी का?"

आत्या एवढी वर्षं कुणाला उत्तर द्यायला चुकली नव्हती. तिनं पदर सारखा केला. समोरच्या दारावरचा लाल दिवा जळत होता, आणि त्या दाराच्या पलीकडे ते पोर एकटंच होतं, बटण गिळलं होतं तेव्हाएवढंच लहान.

"भाचा," आत्या म्हणाली.

"काय झालंय त्याला?"

"काही झालेलं नाही. होतंय. तुमचा टाका सुटलाय बघा तिकडं."

बाई टाका शोधू लागली. खिडकीशी मास्तरांची पाठ हलली. ते वळले आणि बहिणीकडे बघत राहिले.

"बघतोस काय?" आत्या दबक्या आवाजात म्हणाली. "परक्या बाईसमोर घरचं कशाला उसवायचं? म्हणून म्हटलं."

"मी काही बोललो का?"

"तू कुठं काय बोलतोस! तुझं हेच तर आहे."

ताई परत आली तेव्हा ते दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले होते, आणि मधे शर्टांची पिशवी होती, तिसरं माणूस असल्यासारखी.

लाल दिवा विझला. डॉक्टरबाई बाहेर आल्या, टोपी काढली, सगळं नीट झालं म्हणाल्या. आत्या रडू लागली. मास्तरांनी पिशवी उचलून छातीशी धरली.

*

घरी वरच्या खोलीत दिवस दुपारनं सुरू व्हायचे. बटण उशांवर अर्धवट बसल्यासारखा झोपायचा, जागा व्हायचा, पुन्हा बुडायचा. छातीवर घट्ट पट्टा होता आणि त्याखाली काय आहे ते अजून स्वप्नच होतं. खालून मशीनचा आवाज जमिनीतून पलंगाच्या पायांत यायचा आणि पायांतून पाठीत. कधी एक मशीन, कधी दोन. तो मोजायला जायचा आणि झोप लागायची.

ताई सकाळी आणि कामावरून आल्यावर फुगे रिकामे करायची, उजेडात धरून रंग बघायची.

"छान आहे."

"काय छान आहे त्यात?"

"फिकट होत चाललंय. छान म्हणजे छान. औषधाच्या दुकानातली बाई सांगतेय तुला."

आत्या भरवायची, कारण ताटाकडे हात न्यायला बटणाला त्रास व्हायचा.

"तोंड उघड. बटण गिळलंस तेव्हा पाणी लागलं नव्हतं, भात गिळायला काय झालं?"

"हसवू नकोस, आत्या. टाके ओढतात."

"मग रड. रडायला टाके लागत नाहीत."

तो रडलाही, एकदोनदा, काही कारण नसताना. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, असं होतं म्हणून. अंग एवढं काही सोसतं, मन मागून चालत येतं.

नळ्या काढायला गेले तेव्हा पट्टा सुटला आणि त्यानं पहिल्यांदा पाहिलं. खाली दोन लाल शिवणी, सूज, कडेला पिवळे पडत चाललेले डाग. आणि त्यापलीकडे, सपाट. तो बराच वेळ बघत राहिला. कुठल्याशा लांबच्या प्रवासाहून घरी यावं, कुलूप उघडावं आणि सगळं जागच्या जागी असावं, तसं. ताईनं विचारलं, "कसं वाटतंय?"

"इस्त्री केल्यासारखं," तो म्हणाला, आणि दोघंही हसू लागले. तो हळू, ती मोठ्यानं.

त्याच संध्याकाळी हे झालं. नळ्या गेल्यामुळे आतल्या खिशांना आता काम नव्हतं. तो सहज त्यांत बोटं घालून बसला होता. खिसे किती मऊ शिवलेत, कडा कशा आत वळवल्यात, बोटांना कळत होतं. अंगठा तिथून सरकत बगलेखाली गेला आणि थांबला. जाड घडी. दोन बोटांएवढी, शिवणीच्या आत, लांबवर गेलेली. त्यानं दुसऱ्या अंगाला चाचपलं. तिकडेही.

तो शिंप्याचा मुलगा होता. त्याला दिवा लावून बघायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही. ताईशी बोलला नाही. आत्यानं घास पुढं केला, तर त्यानं मान भिंतीकडे वळवली. ज्याची भीती होती तेच झालं असं आत्याला वाटलं, आणि वाटताक्षणी कळलं की तिला ते आता मुळीच नको होतं.

"मन फिरलं का रे?" तिनं विचारलं. तो 'रे' तिच्या तोंडून कसा निघाला हे तिचं तिलाही कळलं नाही.

बटणानं मान वळवली. "आत्या, शर्टाला बगलेत माया कोण ठेवतं?"

आत्या ताट तसंच हातात घेऊन खाली गेली.

"बोंबललं," ती मास्तरांना म्हणाली. "त्याला कळलं."

"काय?"

"माया." तिनं ताट कापायच्या टेबलावर ठेवलं. एरवी त्या टेबलावर कोणी पाण्याचा थेंब सांडू दिला नसता. "मीच सांगितलं होतं तुला. मी जाऊन सांगते तसं."

"नको," मास्तर म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून मी आजवर काही शिवलंय का, अक्का?"

*

मास्तर जिना चढून आले तेव्हा बटण खिडकीकडे बघत होता. संध्याकाळचं ऊन भिंतीवर चढलं होतं. मास्तर पलंगाजवळच्या स्टुलावर बसले.

"कुणासाठी ठेवलीत?" बटणानं विचारलं.

"ठरवून नाही ठेवली."

"शर्टाला चुकून माया राहत नाही, बाबा. तुमच्या हातानं तर नाहीच."

"नाही राहत." मास्तर आपल्या हातांकडे बघत होते. "तुझं सगळं ती शिवायची. पहिलं झबलं तिनं शिवलं. तुझा कपडा हातात घेतला, की हात तिच्यासारखा चालायला लागतो. मला आवरता आला नाही. आवरावासाही वाटला नाही. मशीन चालू आहे असं वाटत होतं तिचं."

ते बटणालाही माहीत होतं, ते दुसरं मशीन.

"म्हणजे मी अजून डावीकडेच आहे," तो म्हणाला. "कापून टाका ती माया."

मास्तरांनी खिशातून छोटी कातरी काढली. ती त्यांच्या खिशात नेहमीच असायची. त्यांनी शर्टाची बाजू हळूच उलटी केली, पट्ट्याला धक्का लागू न देता, आणि घडी दोन बोटांत धरली. पहाटेच्या आभाळासारखं ते कापड. कातरीची पाती उघडली आणि तशीच राहिली.

"मला नाही जमत," ते म्हणाले. "माया कापायची नसते."

"का?"

"कपडा मग आहे तेवढाच राहतो."

"मला छाती आहे तेवढीच हवीय, बाबा. आता कुठं हवी तेवढी झालीय. तिथं मी परत येणार नाही. तुम्ही जागा ठेवलीत, म्हणजे तुम्ही वाट बघताय. कुणाची?"

हे ऐकून मास्तरांनी मान खाली घातली. वाट ते बघत होतेच. पण ज्या माणसाची बघत होते ते या खोलीत नव्हतं, आणि उसवून, शिवून, कशानंच येणार नव्हतं. तिची जागा त्यांनी पोराच्या बगलेत ठेवली होती.

त्यांनी कातरी मिटली.

"छातीत नको तर नको," ते म्हणाले. "उसवून शिवण बंद करतो, शर्टाला असते तशी. पण कुठंच नको असं नाही ना?"

"मग कुठं ठेवणार?"

"ती इंजेक्शनं चालू आहेत तुझी. त्यानं काय काय होतं?"

मास्तरांनी हे आजवर विचारलं नव्हतं. हार्मोनची ती इंजेक्शनं सुरू होऊन काही महिने झाले होते, आणि त्या सगळ्या महिन्यांत घरात चहा ठेवलेला होता आणि दार ओढून घ्यायचं होतं.

"आवाज फुटतो," बटण सावकाश म्हणाला. "फुटलाय थोडा. दाढी येते. खांदे भरतात."

"भरतात म्हणजे? किती?"

"ते कसं सांगणार? ज्याचं त्याचं."

"हं." मास्तर उठले, दोन पावलं मागं सरकले आणि डोळे बारीक करून मुलाच्या खांद्यांकडे बघू लागले. गिऱ्हाईक दारातून आत येताना बघायचे तसे. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर, मग पुन्हा परत. एवढा वेळ त्यांनी त्याच्याकडे कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

"सांगता येत नाही म्हणजे माया तिथंच लागेल," ते म्हणाले. "बरा झालास, की खाली ये. हे अंदाजानं जमायचं नाही."

आणि जिना उतरून गेले. बटण ऐकत राहिला. बरा झालास. त्यानं ते शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिले, नव्या फुटलेल्या आवाजात. मग आत्याला हाक मारून विचारलं, भात उरलाय का?

*

हात वर करायला डॉक्टरबाईंनी परवानगी दिली त्या दिवशी दुकानात नेहमीचं ऊन होतं. धागे तरंगत होते. आत्यानं सकाळीच आईच्या मशीनची खोळ काढून धुवायला टाकली होती. धूळ बसली होती म्हणे. खोळ वाळेपर्यंत ती स्वतः त्या स्टुलावर बसून मशीन पुसत होती, आणि यावेळी उठली नव्हती. ताई दाराशी उभी होती, कामावर जायला उशीर होत असूनही.

बटण खाली आला. टेबलाला वळसा घालून उजवीकडे उभा राहिला.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली.

"ताठ उभा राहा," ते म्हणाले. "श्वास रोखून धरू नकोस."

बटणानं हात उचलले. जपून, थोडे थोडे, आंबलेल्या खांद्यांतून वाट काढत, पाण्यातून वर यावं तसे. मास्तर थांबले. घाई केली नाही. मग टेप पाठीमागून फिरवून पुढं आणली आणि दोन शिवणींच्या वर अलगद टेकवली.

"दुखतंय?"

"नाही. बधिर आहे. टेप आहे एवढंच कळतंय."

"छाती चौतीस," मास्तर मोठ्यानं म्हणाले.

टेप धरलेला हात तसाच राहिला. ताईनं तोंडावर हात घेतला.

"चौतीस," डावीकडून आत्या म्हणाली. ती मशीनचं चाक पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

मास्तरांनी नाकानं मोठा श्वास घेतला. "कंबर तीस."

"तीस."

"बाही बावीस."

"बावीस."

"खांदा," मास्तर म्हणाले आणि मागं जाऊन उभे राहिले. टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. "खांदा साडेसोळा."

"साडेसोळा. आणि माया?" आत्यानं विचारलं. "माया किती?"

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली. मुलाच्या खांद्याच्या टोकावर, जिथं बाही जोडतात तिथं, हात ठेवला. एक बोट. दोन. तिसरंही टेकवलं, आणि हात तिथंच राहू दिला.

"तीन बोटं."

"तीन बोटं," आत्या म्हणाली.

"बाबा," बटण म्हणाला, "एवढा काही मी वाढणार नाही."

"तू वाढ," मास्तर म्हणाले. "मी उसवीन."